पान 112 नंतर

गेल्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी एका दोनशे पानी वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘आणलेली’, उजवीकडे ‘वाचलेली’. वर्षभर फक्त जुनी, कुणीतरी आधी वाचलेली पुस्तकं घ्यायची, घरात आलेलं प्रत्येक पुस्तक त्याच दिवशी डावीकडे टिपायचं आणि वाचून संपलं की समोर तारीख घालायची, एवढाच नेम. तो का धरला, तर घरातल्या कपाटासमोर उभी राहिले की यातलं मी किती वाचलंय, हे मला सांगता येईना.

मार्च संपला तेव्हा डावीकडे 38 नावं होती आणि उजवीकडे सात.

त्या रात्री मी गणित मांडलं. कामाच्या दिवशी मला झोपण्याआधी जेमतेम एक तास मिळतो. घड्याळ लावून पाहिलं तर त्या तासात कादंबरीची पंचवीस पानं होतात आणि वैचारिक पुस्तकाची पंधरासुद्धा कधी कधी होत नाहीत. सरासरी वीस धरली, तर वर्षाची 7,300 पानं. पुस्तक 240 पानांचं धरलं, तर साधारण तीस पुस्तकं. मी 54 वर्षांची आहे. अजून वीस वर्षं डोळ्यांनी चांगली साथ दिली, तर सहाशे. मी उठून कपाटं मोजायला लागले. न वाचलेली जेवढी पुस्तकं घरात होती, तेवढ्यातच त्या सहाशेंपैकी बराच मोठा वाटा संपत होता. तोवर वाचन ही मला न संपणारी गोष्ट वाटायची. ती मोजता येते हे कळल्यावर मला रडूच आलं.

खरेदी मी थांबवली नाही, पण तिची रीत बदलली. पूर्वी ढीग दिसला की हात आपोआप जायचा आणि ‘एवढ्या स्वस्तात परत कुठे मिळणार’ हे एकच कारण पुरायचं. आता दुकानात उभ्या उभ्या मी स्वतःला विचारते, हे येत्या दोन महिन्यांत वाचायला घेणार आहेस का? उत्तर ‘बघू’ असं आलं तर पुस्तक जिथलं तिथे ठेवते. अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक नियमही तेव्हाच उचलला. पुस्तकाला पन्नास पानं द्यायची, तोवर मन रमलं नाही तर खुशाल मिटायचं. आणि पन्नाशी उलटलेल्यांनी शंभरातून आपलं वय वजा करायचं, उरेल तितकी पानं द्यायची. म्हणजे माझ्या वाट्याला 46. हा नियम मला फार माणुसकीचा वाटतो. वर्षभरात नऊ पुस्तकं मी अशी मिटली, आणि त्यातल्या एकाचीही हळहळ वाटली नाही.

मात्र जुनं पुस्तक निवडणं हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही, ते पारखावंही लागतं. हे मी एका कादंबरीकडून शिकले.

ती कादंबरी मी पंधरा वर्षं शोधत होते. ती पुन्हा छापली गेली नव्हती. एप्रिलमध्ये एका दुकानात, खालच्या फळीवर, कापडी बांधणीची एक प्रत दिसली. कणा शाबूत, मुखपृष्ठ नीट, आत कुणाचं नाव नाही की शिक्का नाही. मी ती छातीशी धरूनच घरी आणली. तीन रात्रींत पान 112 पर्यंत आले. नायिका निरोपाचं पत्र घेऊन दाराशी उभी आहे, दार उघडतंय, आणि मी पान उलटलं तर समोर पान 97. आधी वाटलं, झोपेत चुकून मागे गेले. पण नाही. 97 ते 112 ही पानं पुन्हा होती आणि त्यानंतर थेट 129. दार उघडल्यावर काय झालं ते या प्रतीत नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. तक्रार करायची नव्हती, मला कळून घ्यायचं होतं. दुकानातले काका पुस्तक हातात घेऊन लगेच म्हणाले, “ताई, फर्मा दोनदा लागलाय. सातवा दोनदा आणि आठवा नाहीच.” मग त्यांनी पान 97 च्या तळाशी बोट ठेवलं. तिथे अगदी बारीक अक्षरात 7 छापलेला होता. इतक्या वर्षांत मी हजारो पानांच्या तळाशी तो आकडा पाहिला असेल, पण तो कशासाठी असतो हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, कागदाला घड्या घालतात, तो एक फर्मा. असे फर्मे क्रमाने रचून शिवले की जुजबंदी झाली. रचणाऱ्याचा हात चुकीच्या गठ्ठ्यावर गेला की असं होतं. म्हणूनच जुन्या पुस्तकांत फर्म्याच्या पहिल्या पानावर त्याचा क्रमांक छापत असत.

तेव्हापासून शिवलेलं जुनं पुस्तक घेताना मी 17, 33, 49, 65 अशी सोळा-सोळाच्या टप्प्याने पानं पाहत जाते. काही पुस्तकांत सुरुवातीच्या पानांमुळे हिशेब पुढे-मागे सरकतो, पण एकदा पहिला सांधा सापडला की बाकीचे सापडतात. दोन मिनिटांचं काम आहे. त्यानंतर पुस्तक मधोमध उघडून शिलाईचा दोरा दिसतो का ते बघते. दोरा असेल तर पुस्तक दुरुस्त होतं. नुसत्या सरसाने चिकटवलेल्या पुस्तकाचा सरस वाळला की पानं सुटी होऊन हातात येतात. नकाशे, कोष्टकं, चित्रांची गुळगुळीत पानं असतील तर अनुक्रमणिकेशी ताडून बघते, कारण लोक नेमकी तीच पानं फाडून नेतात. चिकटपट्टी लावलेली प्रत मी शक्यतो घेत नाही. तिचा गोंद कालांतराने पिवळा होऊन कागदात मुरतो आणि अक्षरांवर तेलकट पट्टा उमटतो, तो पुढे निघता निघत नाही. पेन्सिलच्या खुणा मात्र मला आवडतात. कुणीतरी कुठल्या वाक्यापाशी थांबलं होतं, हे कळणं मला सोबतीसारखं वाटतं.

ऑनलाइन मागवताना हातात घेऊन बघण्याची सोय नसते. मे महिन्यात मी एक जाडजूड प्रवासवर्णन मागवलं. ‘उत्तम स्थिती’ असं लिहिलं होतं आणि स्थिती खरोखर उत्तमच होती, पण आलं ते संक्षिप्त रूप, मूळ पुस्तकाच्या निम्म्याहून कमी. चूक माझी होती, मी विचारलंच नव्हतं. आता विक्रेत्याला दोन गोष्टी मागते. एक, प्रकाशनाचा तपशील असलेल्या पानाचा फोटो. दुसरी, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक. हा क्रमांक पुस्तकाच्या नावाला दिलेला नसतो, आवृत्तीला दिलेला असतो. पुठ्ठा बांधणीचा वेगळा, कागदी बांधणीचा वेगळा, संक्षिप्त आवृत्तीचा वेगळा. 1970 मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला, तेव्हा दहा अंकी होता. 1 जानेवारी 2007 पासून तेरा अंकी आहे. शेवटचा अंक हा पडताळ्याचा. तेरा अंकांना आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणून बेरीज केली, तर तिला दहाने पूर्ण भाग जायला हवा. फोनवरून क्रमांक लिहून घेताना एखादा अंक चुकला तर या पडताळ्यात तो सापडतो. माझा दोनदा सापडला. 1970 पूर्वीच्या पुस्तकांना यातलं काही नाही, तिथे फोटो आणि पानांची संख्या यांवरच भिस्त.

इंग्रजी पुस्तकांत त्याच पानावर कधी कधी 10 पासून खाली उतरत जाणाऱ्या आकड्यांची एक ओळ असते. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे ते कितवं मुद्रण आहे ते. पहिल्या मुद्रणाची हौस मला नाही. मला पुस्तक पूर्ण हवं असतं, बस.

जुलैत कसर लागली. एका ओलसर वासाच्या पुस्तकाला मी घाईने कपाटात जागा दिली होती. आठवड्याभराने शेजारच्या पुस्तकाच्या कण्यावरून एक चंदेरी किडा सरकताना दिसला. कसरीला दमट, काळोखी जागा लागते आणि बांधणीतली खळ तिला फार प्रिय. त्या फळीवरची चौदा पुस्तकं मी बाहेर काढली, मऊ ब्रशने पान न् पान झाडलं, प्रत्येक पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद केलं आणि फ्रीझरमध्ये ठेवलं. संग्रहालयांतही किडीवर हा उपाय करतात. घरचा फ्रीझर साधारण उणे 18 अंशांवर चालतो, म्हणून मी पुरते पंधरा दिवस थांबले. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी उघडायची नाही, पुस्तक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तशीच बंद ठेवायची, नाहीतर गार कागदावर दव धरतं. चौदाही पुस्तकं बचावली. आता नवं आलेलं कुठलंही पुस्तक पंधरा दिवस वेगळ्या बंद डब्यात राहतं, मगच कपाटात जातं.

तोवर ती कादंबरी माझ्या उशाशीच होती. पान 129 पुढचं मी वाचलं नव्हतं. घरी सगळे म्हणत होते, सोळा पानांनी काय बिघडतं, पुढे वाच. माझ्याच्याने होईना.

सप्टेंबरमध्ये एका मोठ्या ग्रंथालयाच्या यादीत तिची प्रत सापडली. पुस्तक घरी न्यायची परवानगी नव्हती, वाचनकक्षात बसूनच पाहायचं होतं. मी आठव्या फर्म्याची झेरॉक्स मागितली, तर ग्रंथपालबाईंनी मान हलवली. त्यांनी एका पानाचा दुमडलेला कोपरा दाखवला. तो आधीच तुटायच्या बेतात होता. “हे पुस्तक काचेवर उपडं दाबलं तर कणा जाईल,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी आतून एक फार जुनं, चिंध्यांच्या कागदावर छापलेलं पुस्तक आणून शेजारी ठेवलं. वयाने ते आमच्या कादंबरीपेक्षा कितीतरी मोठं होतं आणि त्याचं पान मात्र अजून लवचीक होतं. कारण त्यांनी समजावून सांगितलं. 1807 मध्ये मोरित्झ इलिग या जर्मन माणसाने शाई फुटू नये म्हणून कागदाच्या लगद्यात राळ आणि तुरटी घालण्याची रीत प्रसिद्ध केली. त्या तुरटीने कागद आम्लधर्मी होतो आणि हे आम्ल वर्षानुवर्षं कागदाचे तंतू तोडत राहतं. पुढे 1840 च्या दशकात लाकडाचा लगदा आला, त्यातलं लिग्निन नावाचं द्रव्य प्रकाशात पिवळं पडतं. स्वस्त कागदामुळे पुस्तकं घरोघर पोचली आणि त्याच कागदाने त्यांचं आयुष्य कमी केलं. त्या हे सांगत होत्या तेव्हा मी ते तुटणारं पान बघत होते आणि मला माझं मार्चमधलं गणित आठवत होतं.

“उतरवून घेऊ का?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “पेन्सिलने. इथे पेन चालत नाही.”

चार शनिवार लागले. मी सोळा पानं शब्दन् शब्द उतरवली, परिच्छेद तसेच ठेवले, छपाईतल्या दोन चुकासुद्धा तशाच ठेवल्या. इतक्या हळू मी आयुष्यात काही वाचलं नव्हतं. दार उघडतं तेव्हा आत कुणीच नसतं, हे लिहायला माझा हात थांबला होता. घाईने वाचलं असतं तर ती ओळ मी ओलांडून गेले असते, याची मला खात्री आहे. शेवटच्या शनिवारी घरी येऊन रात्रभर जागून उरलेलं पुस्तक संपवलं आणि उजवीकडे तारीख घातली.

नोव्हेंबरमध्ये 22 पुस्तकं देऊन टाकली. ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक. मी प्रत्येक पुस्तकासाठी एक माणूस आठवला आणि त्यालाच ते दिलं. गठ्ठा करून कुठे टाकला नाही. वर्षाअखेरीस वहीत डावीकडे 61 होती, उजवीकडे 33. मार्चनंतरच्या नऊ महिन्यांत 23 आणली आणि 26 वाचली.

डिसेंबरात कादंबरी घेऊन एका वयस्कर बाइंडरकाकांकडे गेले. उतरवलेला मजकूर मी जाड, आम्लमुक्त कागदावर घड्या घालून नीट लिहून नेला होता, फर्म्याच्या मापात. काकांनी जुनी शिलाई उसवली, माझी पानं पान 112 नंतर बसवली आणि सगळं पुन्हा शिवलं. काम झाल्यावर जादा निघालेला सातवा फर्मा त्यांनी हातात धरला. “ताई, ह्याचं काय करू?”

मी तो घरी आणला. एका पाकिटात घालून ठेवलाय. या प्रतीत सातवा दोनदा गेला, तेव्हा कुठल्यातरी प्रतीत तो कमी पडला असण्याची शक्यता आहे. आताही त्या कादंबरीची प्रत कुठे दिसली की मी ती आधी पान 96 वर उघडते.