लानव्हिहँगेल एक नाही: सासूबाईंचं मूळगाव शोधताना

वेल्सच्या जुन्या जनगणनेच्या कागदावर ‘लानव्हिहँगेल, कार्डिगनशायर’ एवढंच दिसलं, तर लगेच टॅक्सी ठरवू नका. त्या नावाचा अर्थ संत मायकेलचं चर्च, आणि या नावाची गावं त्या एकाच परगण्यात अनेक आहेत. सासूबाईंचे जोन्स पूर्वज शोधायला निघालो, तेव्हा आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. ऍबरिस्टविथहून जवळचं म्हणून लानव्हिहँगेल-अ-क्रेइदिन गाठलं. अंतर सात-आठ मैल, आणि जाऊन-येऊन ९० पौंड! थांबण्याचे पैसे वेगळे, हे परत आल्यावर कळलं. बोलणी निघण्याआधीच करा, थांबण्यासकट.

तिथे अडीच तास गुडघाभर ओल्या गवतात काढले. पाटीच्या दगडाची थडगी, अक्षरं झिजलेली. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरला की ती वाचता येतात, दगड मात्र खरवडू नका. ‘एर कोव्ह अम’ म्हणजे ‘स्मरणार्थ’, ‘मॅब’ म्हणजे मुलगा, ‘प्रिओद’ म्हणजे नवरा किंवा बायको. एवढे तीन शब्द पाठ असले तरी पुरतं. जोन्स पुष्कळ सापडले, आमचं कोणीच नव्हतं. सासूबाई चर्चच्या पायरीवर बसून राहिल्या. त्यांचा चेहरा बघून मला रडू आलं.

आडनावावर विसंबू नका, हे मी आता ठासून सांगते. आपण मधे वडिलांचं नाव लावतो. वेल्समध्ये पूर्वी तेवढंच असायचं, ‘ॲप’ म्हणजे ‘चा मुलगा’ जोडून. ॲप हायवेलचं पॉवेल झालं, ॲप रीसचं प्राइस, ॲब ओवेनचं बोवेन. खेड्यांत ही पद्धत १९व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. त्यामुळे जॉन डेव्हिडची मुलं जोन्स, म्हणजे ‘जॉनची’, होतात, आणि बाप मात्र जोन्स नसतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. आम्ही आठ महिने जोन्स बाप शोधत होतो! १८३७नंतरच्या लग्नाच्या दाखल्यावर नवऱ्या-नवरीच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. तो दाखला सगळ्यात आधी मागवा. समुद्रकाठच्या प्रॉमनेडवर आडनावाचं राजचिन्ह छापलेली फ्रेम विकतात, तिच्यावर पैसे घालवू नका. जोन्स नावाचं एक घराणं कधी नव्हतंच.

गाठ सुटली ती मुलांच्या जन्मगावांमुळे. १८७१च्या जनगणनेत राँदा खोऱ्यातल्या आमच्या जोन्सांच्या घरात थोरला लानव्हिहँगेलला जन्मलेला, मधली मर्थर टिडव्हिलची, धाकटा राँदाचाच. म्हणजे शेतावरून आधी मर्थरच्या लोखंडाच्या कारखान्यांकडे, मग राँदाच्या कोळशाच्या खाणीत. अख्खं स्थलांतर एका रकान्यात! मग मागे १८५१चा कागद पाहिला. त्यात जन्माचं पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, असतं. (१८४१च्या कागदात फक्त त्याच परगण्यातला जन्म की बाहेरचा, एवढंच कळतं.) तिथे पूर्ण नाव होतं: लानव्हिहँगेल अस्त्राद. हा कागद घरबसल्या पाहता आला असता. आम्ही तो पाहिला ऍबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, टॅक्सीच्या दुसऱ्या दिवशी. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या. ग्रंथालय टेकडीवर आहे, चढण दम काढते. १८५८पूर्वीची वेल्श मृत्युपत्रं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, ती निघण्याआधीच चाळा.

अस्त्राद एरॉन खोऱ्यात आहे. कार्डिफहून येताना कारमार्दनपर्यंत रेल्वे आणि पुढे टी१ बस घेतली होती, कारण तिथून ऍबरिस्टविथची प्रवासी रेल्वे १९६५मध्येच बंद झाली. ती बस याच गावातून जाते. आम्ही दोन दिवसांपूर्वी तिथून खिडकीतून बघत गेलो होतो.

परतीला तिथे उतरलो. पाऊस थांबला होता. तिसऱ्या रांगेत दगडावर नावाखाली शेताचं नाव कोरलेलं होतं, १८५१च्या कागदावर होतं तेच. इतक्या जोन्समध्ये माणूस ओळखायचा तो शेताच्या नावाने. सासूबाईंनी हातमोजा काढला आणि ते अक्षर अक्षर बोटाने वाचलं. पुढच्या बसला तासभर होता. आम्ही तिथेच थांबलो.