पुढे एक जुना पूल लागेल

बेळगावात आषाढाचा पाऊस एकदा बसला की रविवार घरातच काढावा लागतो. अशाच एका रविवारी टिळकवाडीतल्या घराच्या माळ्यावर ‘मॉरोविंड’ या खेळाची जुनी सीडी सापडली आणि वीस वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेली मोहीम पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची हुक्की आली. खेळ २००२ सालचा. तलवारी, जादूटोणा आणि राखेने माखलेले एक ज्वालामुखीचे बेट असा त्याचा मामला. कॉलेजात असताना चुलतभावाने पुण्याहून ती सीडी आणली होती आणि ती परत मागण्याचे तो विसरला, याबद्दल मी आजही त्याचा ऋणी आहे.

कैद्यांच्या जहाजातून सेडा नीन नावाच्या दलदलीतल्या बंदरात उतरवल्यावर नायकाच्या हाती लगेच तलवार येत नाही; आधी खानेसुमारी आणि अबकारीच्या कचेरीत हजर व्हावे लागते. तिथला म्हातारा कारकून व्यवसाय आणि जन्मरास विचारून कागद तयार करतो, आणि तो कागद घेऊन बाहेर पडले तरी बेटावरचे लोक आपल्याला उपराच म्हणतात. सीमाभागात वाढलेल्या माणसाला एवढा भाग काही अद्भुत वाटत नाही.

मला या खेळाने तेव्हा धरून ठेवले आणि आता पुन्हा धरले, ते त्यातल्या वाटा सांगण्याच्या पद्धतीने. याच मालिकेतल्या २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’पासून होकायंत्रावर खूण दिसू लागली, तिच्या दिशेने चालत राहिले की मुक्काम येतो, मग आजूबाजूला डोंगर आहे की नदी याच्याशी देणेघेणे उरत नाही. ‘मॉरोविंड’मध्ये काम सांगणारा माणूस वाट तोंडी सांगतो, ती रोजनिशीत उतरते आणि पुढचे आपले आपण पाहायचे असते. बाल्मोरा गावातून आर्कन्गथँडच्या भग्न अवशेषांकडे जायचे असेल तर गाव सोडून मूनमॉथचा किल्ला गाठायचा, पुढे राखेच्या घळीवरचा प्राचीन पूल ओलांडायचा आणि टेकडीवरचे पडके बांधकाम शोधायचे. दार सहजासहजी उघडत नाही. जवळच्या नळावरचा दांडा फिरवावा लागतो. मी दोन्ही वेळेला दारापुढेच बराच वेळ घोटाळलो, यावरून वीस वर्षांत माझी किती प्रगती झाली ते कळावे.

वाट सांगण्याची ही तऱ्हा माझ्या चांगल्याच ओळखीची होती. आजोळ खानापूर तालुक्यात. फाट्यावरच्या पाटीवरची कन्नड अक्षरे मी अडखळत लावतो, त्यामुळे पाटीपेक्षा माणसाला विचारणे मला नेहमीच सोपे वाटत आले. “हितनं सरळ जावा, वड लागतोय, वडापासनं डावीकडं उतरलं की आलंच की,” असे सांगणाऱ्या आजोबांच्या ‘आलंच’मध्ये कमीत कमी तीन किलोमीटर बसतात, आणि वाटेत वड एक नसून दोन असतात. खेळातली माणसेही अधूनमधून अशीच चुकीची दिशा सांगतात, आणि तेव्हा मला त्यांचा राग येण्याऐवजी ती अधिक खरी वाटतात.

त्या अवशेषांतून आणायची असते एक कोड्याची पेटी. ती मुठीत मावेल एवढी, पितळी रंगाची, आणि फळीवर तशाच रंगाच्या भांड्याकुंड्यांच्या संगतीत निवांत बसलेली असते. कुठेही चमकत नाही की वर बाण नाही. आईने “डब्यामागेच आहे बघ” म्हणून सांगितलेली जायफळाची पुडी जशी डोळ्यांसमोर असून दिसत नाही, तशी ती मला पाऊण तास दिसली नाही.

खेळाचे दोष मी नाकारत नाही. धावत जाऊन वार केला तर दमलेल्या नायकाची तलवार शत्रूच्या आरपार जाऊनही नेम चुकल्याचाच हिशेब होतो, आणि आकाशातून झेपावणारे क्लिफ रेसर तर माणसाला जगणे नकोसे करतात.

या खेपेला मी ‘ओपनएमडब्ल्यू’ हे मुक्त प्रणालीतले नवे इंजिन घेतले. मूळ खेळाच्या फायली आपल्याकडे असल्या की हे इंजिन त्या आजच्या संगणकावर चालवते. जुन्या संगणकाची ताकद बेताची असल्यामुळे मूळ खेळात थोड्या अंतरापुढचे सारे धुक्यात बुडालेले असे. नव्या इंजिनात मी दृष्टीचा पल्ला हौसेने वाढवला आणि सेडा नीनजवळच्या उंचवट्यावर चढलो, तर व्हिवेक शहराचे प्रचंड चौथरे हाकेच्या अंतरावर उभे आणि मागे थेट लाल पर्वत! ज्या बेटावर पहिल्यांदा बाल्मोरा गाठायला मला अख्खी संध्याकाळ लागली होती, ते बेट आमच्या कॅम्पच्या मैदानांपेक्षा फार मोठे वाटेना.

थोडा वेळ ते पाहिले आणि पल्ला पुन्हा पूर्वीइतका कमी केला. शेजारी बसलेला पुतण्या वैतागला.

“काका, पुढचं काही दिसंना की.”

“थांब जरा. किल्ला मागं पडलाय, आता पूल लागेल.”

पूल लागला नाही. रोजनिशी उघडून आम्ही दोघांनी पुन्हा वाचली; किल्ल्यापाशी आम्ही उलट बाजूला वळलो होतो.