ओम्नीचे मागचे दिवे: बल्बपासून अर्थिंगपर्यंत

आमच्या २००९ च्या ओम्नीच्या दारांची रबरं बसवून झाली आणि मी मागच्या दिव्यांकडे वळलो. दोन बाजूंना दोन वेगळी लक्षणं होती. डावीकडे पार्किंगचा दिवा लागायचा, पण ब्रेक दाबला की काहीच व्हायचं नाही. उजवीकडे ब्रेकचा दिवा लागायचा, पण मलूल. शिवाय सगळे दिवे बंद ठेवून नुसता ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचे मीटरचे दिवे अंधुक उजळायचे. हे ज्यांनी पाहिलंय त्यांच्या लगेच लक्षात येईल. बाकीच्यांसाठी पुढे सविस्तर लिहितो, कारण या कामात खरा वेळ तिथेच गेला.

पावसाळ्याआधी हे उरकायचंच होतं. आंबोली घाटात धुकं उतरलं की पुढची गाडी म्हणजे फक्त तिचे दोन लाल ठिपके. मोटार वाहन नियमांप्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. उजवीकडचा आमचा दिवा त्या धुक्यात किती लांबून दिसला असता, याची मला खरोखर काळजी वाटत होती.

डावी बाजू आधी घेतली. ओम्नीच्या मागच्या दिव्याची प्लास्टिकची काच बाहेरूनच स्क्रूंनी धरलेली असते, त्यामुळे काम सोपं वाटतं. पण किनारपट्टीच्या हवेत ते स्क्रू गंजून बसतात आणि जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्री मारून ठेवा, खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या, आणि फिरवण्याआधी त्याच्या मुठीवर हलके दोन टोले द्या. स्क्रू हलला की एकदम काढू नका. थोडा सैल, थोडा परत घट्ट, असं करत बाहेर आणा. जोर लावला तर स्क्रू राहतो आणि काचेचा कान तुटतो.

ब्रेक आणि पार्किंगसाठी बल्ब एकच, दोन फिलामेंटचा: १२ व्होल्ट, २१/५ वॅट. खोक्यावर पी२१/५डब्ल्यू असं लिहिलेलं असतं. जाड फिलामेंट ब्रेकची, बारीक पार्किंगची. खालच्या पितळी टोपीवरच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे बल्ब एकाच दिशेने बसावा. उलटा रेटून बसवला तर पार्किंगला २१ वॅट आणि ब्रेकला ५ वॅट जळतो, आणि मागच्याला आपण ब्रेक लावलाय हे कळतच नाही. जागेवर बसेना झाला तर दाबू नका, अर्धा फेरा फिरवून बघा. इंडिकेटरचा बल्ब एका फिलामेंटचा, २१ वॅटचा. त्याच्या पिना समान उंचीवर असतात.

काढलेल्या बल्बची काच उजेडात धरून बघा. आमच्या बल्बची काच आतून करडी झाली होती आणि जाड फिलामेंट मधोमध तुटली होती. हे वयोमानाचं मरण: टंगस्टन हळूहळू उडून काचेवर बसतं. काच दुधासारखी पांढरी दिसली तर आत हवा शिरलेली असते. आणि नवे बल्ब वरचेवर जात असतील तर बल्बच्या कंपनीला दोष देण्याआधी गाडीचं चार्जिंग मोजा. व्होल्टेज ५ टक्क्यांनी वाढलं की अशा बल्बचं आयुष्य निम्म्यावर येतं. आमच्याकडे इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट मिळाले, म्हणजे तिकडे काळजी नाही. नवा बल्ब बसवला, डावी बाजू झाली.

आता उजवी. बल्ब ठणठणीत, दोन्ही फिलामेंट शाबूत. बल्ब काढून मल्टिमीटर लावला तर होल्डरमध्ये जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दिसलं. इथेच बहुतेक जण फसतात. मीटर स्वतः करंट घेतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे गंजलेल्या जोडणीतूनही तो पूर्ण आकडा दाखवतो. २१ वॅटची फिलामेंट दीड अँपिअरहून जास्त ओढते, आणि जोडणीची खरी परीक्षा त्या भाराखालीच होते. म्हणून बल्ब जागेवर ठेवून, ब्रेक दाबलेला असताना मोजायचं. पुतण्याला पेडलवर बसवलं. एकटे असाल तर सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवा. मीटरचं काळं टोक लांब वायरीने बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक होल्डरच्या धातूच्या अंगाला. तिथे ०.१ व्होल्टच्या आसपास यायला हवं. आमच्याकडे आले २.२.

म्हणजे फिलामेंटमधून गेलेल्या करंटला बॉडीपर्यंत आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हला परतायची वाट, म्हणजेच अर्थिंग, जवळजवळ बुजली होती. पाणी तुंबलं की दुसरीकडून फुटतं तसंच इथे होतं. ब्रेकचा करंट बल्बच्या टोपीपर्यंत येतो, अर्थिंग नीट मिळत नाही, मग त्याच बल्बच्या पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा चढतो आणि पार्किंगच्या वायरीत शिरतो. त्या वायरीवर डॅशबोर्डच्या मीटरचे, नंबर प्लेटचे आणि पुढचे छोटे दिवे असतात. त्यांच्या अर्थिंगमधून तो वाट काढतो. म्हणून ब्रेक दाबला की डॅशबोर्ड उजळतो. लक्षण ड्रायव्हरसमोर आणि दुखणं मागच्या कोपऱ्यात, त्यामुळे लोक डॅशबोर्ड खोलून बसतात. काही गाड्यांत ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो, तोही याच घराण्यातला आजार.

फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून फार वेगाने घटतो, साधारण ३.४ व्या घाताने. आमच्या बल्बला ११.१ व्होल्ट मिळत होते. अर्थिंग सुधारल्यावर १३.२ मिळाले. हिशेब केला तर आधीचा उजेड आताच्या जेमतेम ५५ टक्के होता. नवा बल्ब घातला असता तरी तो तेवढाच मलूल जळला असता.

दुरुस्ती अशी केली. बॅटरीची निगेटिव्ह काढली. होल्डरमधून निघालेली काळी वायर बॉडीला जिथे स्क्रूने जोडली होती तिथे गंजाचा थर होता. वायरीचं थिंबल (टोकाचं धातूचं कडं) हिरवं पडलेलं, ते कापून नवं दाबून बसवलं. बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, स्क्रू आवळला आणि वरून रेड ऑक्साइड प्रायमरचा हात मारला. प्रायमर आवळल्यानंतर, आधी नाही. आधी लावला तर रंगावरच अर्थिंग बसतं. होल्डर आतून बारीक पॉलिश पेपरने पुसला, तळाच्या स्प्रिंगा दबल्या होत्या त्या वर घेतल्या, बल्बच्या टोपीला व्हॅसलीनचा अगदी पातळ हात लावला.

गंज आला कुठून, हेही बंद करायला हवं होतं. काचेमागचं फोमचं गॅस्केट चुरा झालं होतं. तयार गॅस्केट मिळालं नाही, म्हणून काळ्या फोमची चिकटपट्टी कडेने कापून लावली. काचेच्या तळाशी पाणी निघायचं भोक असेल तर ते मात्र बुजवू नका. काच साबणाच्या पाण्याने धुवा. पेट्रोल किंवा थिनर लावला तर तिला बारीक तडे जातात.

एलईडी का नाही, असं पुतण्याने विचारलं. माझं मत ठाम आहे: या दिव्याची काच आणि परावर्तक फिलामेंटच्या जागेभोवती आखलेले आहेत. कुठलाही एलईडी त्यात घातला तर ब्रेक आणि पार्किंग यांच्यातला फरक नीट राहीलच असं नाही, लाल काचेमागे पांढरा एलईडी गुलाबी दिसतो, आणि इंडिकेटरची उघडझाप करणारा जुना फ्लॅशर कमी करंट बघून इंडिकेटर घाईघाईने मारायला लागतो. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण हे बल्ब अजून तालुक्याच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात पन्नास रुपयांच्या आत मिळतात. एक जोडी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे.

आताची स्थिती: होल्डरच्या अंगावर उजवीकडे ०.०८ व्होल्ट. डावीकडेही मोजलं, तिथे ०.३ आले, म्हणून दिवा व्यवस्थित लागत असूनही तिथलंही अर्थिंग खोलून तसंच केलं. मीटरचे दिवे आता ब्रेकला दाद देत नाहीत. बॅटरीवर १३.९ असताना बल्बला १३.२ मिळतात, म्हणजे पॉझिटिव्हच्या बाजूने अजून ०.६ व्होल्ट कुठेतरी गळतोय. संशय पेडलवरच्या ब्रेक स्विचवर आणि फ्यूज बॉक्सच्या पात्यांवर आहे. पुढच्या रविवारी तिथे मीटर लावतो, आणि नंबर प्लेटच्या दिव्याची लोंबणारी वायरही त्याच वेळी बांधून घेतो.