पितळी पेटी ते कापडी पिशवी : आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबागेत कुणालाही विचारा, आमचं वर्कशॉप 'टर्निंगवाले' म्हणूनच ठाऊक आहे. वडिलांनी लेथ, म्हणजे लोखंड फिरवत कापायचं यंत्र, टाकून जॉबवर्क सुरू केलं. पंपाचे शाफ्ट, बुश, आजूबाजूच्या फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं मशिनिंग. आजही निम्मं काम तेच आहे. उरलेल्या निम्म्यात आम्ही प्राथमिक शाळांसाठी विज्ञानाचं साहित्य करतो. टर्निंगबद्दल मला कधी कुणी काही विचारलं नाही, पण या दुसऱ्या धंद्याबद्दल सगळेच विचारतात. 'यात सुटतं तरी काय?' हा पहिला प्रश्न. त्याचंही उत्तर पुढे येईल.

सुरुवात वहिनींमुळे झाली. त्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत शिकवायच्या. सहावी-सातवीला साधी यंत्रं शिकवायची, आणि वर्गात कप्पी म्हणून दाखवायला फळ्यावरचं चित्र. "भावोजी, दिवसभर लोखंड कापताय, एक कप्पी करून द्या की!" एवढंच म्हणाल्या. मी पितळेची करून दिली, बेअरिंग बसवून. मग तरफ झाली, लंबक झाला, स्प्रिंगचा ताणकाटा झाला. तेव्हा गाड्यांच्या सुट्या भागांचं काम मंदावलं होतं, हाताखालची पोरं रिकामी बसायची. आम्ही लाकडी पेटीत बसणारा पूर्ण संच काढला. आतून हिरवं कापड, प्रत्येक वस्तूला तिची खाच. बेळगाव, निपाणी, चिकोडीच्या हायस्कुलांनी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी तो उचलला. दिसायला देखणा, भेट द्यायला सोयीचा. माजी विद्यार्थी, सोसायट्या, मंडळं शाळेला काही तरी द्यायचं म्हटलं की ही पेटी घ्यायची.

पण ही पेटी प्राथमिक शाळेत गेली की कपाटात जायची आणि कपाटाला कुलूप लागायचं. किल्ली हेडमास्तरांकडे. वहिनींच्या शाळेत मी स्वतः पाहिलं : पेटीवर शाळेचं नाव रंगवलेलं, नोंद क्रमांक घातलेला, आणि आतलं हिरवं कापड जसंच्या तसं. वहिनींनीच सांगितलं, "तुमचं पितळ चकाकतंय बघा छान. पण पोरानं पाडलं, वाकवलं, हरवलं, तर डेड स्टॉक रजिस्टरात, टिकाऊ वस्तूंच्या त्या वहीत, उत्तर मला द्यावं लागतंय. बदली झाली तर चार्ज देताना एकेक नग मोजून द्यायचा. कोण काढतंय बाहेर?"

शिक्षकांना नावं ठेवणं सोपं आहे. शेडमध्ये बारीक मापाचं मायक्रोमीटर मीही कुणाच्या हाती देत नाही. पण त्याच शाळेत खडू, डिंक, घोटीव कागद, सुतळी यांचा हिशेब वेगळा असतो. त्या संपणाऱ्या वस्तू. संपल्या की संपल्या, त्यांची चौकशी होत नाही. आमचा सगळा धंदा त्या दिवसापासून या एका गोष्टीभोवती फिरतोय : आमची वस्तू रजिस्टरच्या खडूवाल्या पानावर कशी जाईल? तुटली तर तुटू दे, हरवली तर गावातल्या दुकानातून दुसरी आणता आली पाहिजे, आणि नाहीच मिळाली तर आमच्याकडून सुटी, एकेक मागवता आली पाहिजे.

या वाटेवर आम्ही पहिले नव्हे. मध्य प्रदेशात होशंगाबादचा विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम १९७२ साली सुरू झाला, तोच मुळी खेड्यातल्या शाळेत मुलांनी स्वतः प्रयोग करावेत म्हणून. आयआयटी कानपूरला शिकलेले अरविंद गुप्ता तिथे गेले आणि आगपेटीच्या काड्या व सायकलची वॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर भूमिती आणि विज्ञान उभं केलं. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या विज्ञान केंद्रात त्यांनी कचऱ्यातून केलेल्या खेळण्यांचा डोंगर उभा केला, आणि ते सगळं लोकांना फुकट खुलं ठेवलं. आम्ही ते पाहतच शिकलो. आता कुणी म्हणेल, सगळंच कचऱ्यातून होतं तर तुम्ही विकता काय? आम्ही वेळ विकतो. चाळीस पोरांच्या वर्गासाठी चाळीस तुकडे तार, तेवढ्याच सेफ्टी पिना, तेवढेच चुंबक गोळा करायला गुरुजींना सवड कुठली? दुपारच्या जेवणाचा हिशेब, ऑनलाइन माहिती, जनगणना, निवडणूक, सगळं त्यांच्याच गळ्यात. गोळा करणं, मापात कापणं, तपासणं हे आमचं काम. जोडणं आणि तोडणं पोरांचं.

मोटरीचंच घ्या. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि लॅकर, म्हणजे वीज अडवणारा लेप, दिलेल्या तांब्याच्या तारेचं कडं. तार आम्ही मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांतून तुकड्यांत आणतो. कड्याच्या एका टोकाचं लॅकर पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्या टोकाचं फक्त अर्ध्या बाजूचं. यात सगळी मेख आहे. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर अर्ध्या फेऱ्यानंतर चुंबकाचा जोर उलट्या दिशेला लागतो आणि कडं नुसतं डुलत राहतं. अर्धी बाजू राखली की त्या अर्ध्या फेऱ्यात वीज बंद पडते, कडं आपल्या वेगानं पुढे सरकतं आणि पुन्हा वीज मिळते. पूर्वी आम्ही ही टोकं कारखान्यातच खरवडून द्यायचो. जांबोटीकडच्या एका शाळेत पाचवीतली मुलगी आपलं कडं पुन्हा पुन्हा काढून उन्हात धरून बघत होती, आणि शेजारचा मुलगा सांगत होता, "तुझं फिरूलंय, माझं डुलूलंय, दे की तुझं." तिनं दिलं नाही. त्याच्या तारेचं टोक नखानं तपासून म्हणाली, "तुझं सगळीकडनं चमकतंय." त्यानंतर आम्ही तार न खरवडता देऊ लागलो, सोबत पॉलिश पेपरचा तुकडा. कारखान्यातली मजुरी वाचली. गुरुजींची पहिली तक्रार मात्र 'मोटर चालत नाही' अशीच येते. म्हणून प्रयोगासोबतच्या कार्डावर मोठ्या अक्षरात छापलंय : न फिरणारं कडं फेकू नका, फिरणाऱ्याशेजारी ठेवून बघा.

चुंबकाची रेषा दाखवायला लोहचूर्ण लागतं. ते इथे विकत घ्यायची गरजच नाही. पोलादाचं टर्निंग केलं की लांब, धारदार वेटोळी निघतात, ती पोरांच्या हाती देण्याजोगी नसतात. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, टर्निंग केलं की भुगा पडतो, कारण बिडात ग्राफाइट असतं आणि त्यामुळे कापताना बीड तुकड्यातुकड्यांनी मोडतं. तो भुगा धुऊन, वाळवून, चाळून आम्ही पारदर्शक चपट्या डबीत सील करतो. सुटा देत नाही, डोळ्यात जातो. तसेच ते छोटे चकचकीत निओडिमियम चुंबकही आम्ही कुठल्याही भावात घालत नाही. पोरानं दोन गिळले तर आतड्याच्या दोन घड्या मध्ये धरून ते एकमेकांना चिकटतात आणि पोट फाडायची वेळ येते. काळे फेराइटचे, वड्याएवढे जाड असलेलेच बरे. बटण सेल नाही, घरची वीज तर नाहीच.

थर्मामीटरनं आम्हाला सगळ्यात जास्त धडे दिले आणि एका शाळेचं बिलही अडकवलं. हेडमास्तरांचा फोन आला, "ओ साहेब, तुमचे थर्मामीटर झाडून सगळे बाद हायत. पाणी खळखळ उकळूलंय आणि लाल रेघ सत्त्याण्णवाच्या वर चढंना." दुसरे घेऊन गेलो, तेही तिथेच अडकले. थर्मामीटर चांगले होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साधारण ९७.५ अंशांनाच उकळतं. ढोबळ हिशेब असा की ३०० मीटर चढलात की उत्कलनबिंदू एक अंशानं उतरतो. पुस्तकातले १०० अंश समुद्रकाठचे. मी हे सांगितल्यावर हेडमास्तर गप्प झाले, पण मागून एका पोरानं विचारलं, "मग वार्षिकला काय लिवायचं?" सगळे हसले, त्याचं मात्र खरं होतं. शाळेतले एक सर सुट्टीत वेंगुर्ल्याला गेले तेव्हा थर्मामीटर सोबत घेऊन गेले. तिथे रेघ शंभराला टेकली. बिल त्यानंतर मिळालं.

तोवर आमच्या कार्डांवर 'पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते हे पडताळा' असं असायचं, जसं सगळ्या कंपन्यांच्या कार्डांवर असतं. आता 'तुमच्या गावात पाणी किती अंशांना उकळतं? आजोळच्या गावी किती?' एवढंच आहे. हळूहळू सगळ्याच कार्डांवरची उत्तरं काढून टाकली. विक्रीला हे बरं नाही. उत्तर नसलेलं कार्ड बघून काही शाळांनी 'अपूर्ण छपाई' म्हणून परत पाठवलंय.

सावलीच्या काठीचं कार्ड माझं आवडतं. अंगणात काठी रोवायची, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा, सगळ्यात आखूड सावली कधी पडते ते बघायचं. पोरं बाराला पैज लावतात आणि हरतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, आपण जवळपास ७४.५ वर. आठ अंश पश्चिमेला, अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३२ मिनिटं उशीर. म्हणून आपली खरी मध्यान्ह साडेबाराच्या आसपास येते, आणि फेब्रुवारीत तर पाऊण वाजायला येतो. शून्य सावलीचा दिवस, भर मध्यान्ही सावली नाहीशी होते तो, मात्र आमच्या भागातल्या पोरांच्या नशिबात नाही. तो येतो मेच्या सुरुवातीला, तेव्हा शाळेला सुट्टी, आणि परत ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, तेव्हा सूर्य कुणी पाहिलेला असतो?

पाऊस मोजायची बाटली आम्ही दोन मापांत करतो, कारण जिल्हा एकच असला तरी आभाळ एक नाही. अथणीकडच्या शाळेला आखूड बाटली महिनाभर पुरते. कणकुंबीकडे, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे आषाढात ती एका रात्रीत भरून वाहते. दोन्ही शाळांनी एकमेकांना आकडे कळवावेत म्हणून मागे एक पोस्टकार्डही घातलं होतं. टपाल उशिरा पोचायचं, आता सर मंडळी व्हॉट्सअॅपवर पाठवतात.

पेटीची पिशवी झाली ती कोरोनात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, ऑर्डरी थांबल्या, लेथही थांबले. त्या पावसाळ्यात कर्नाटकात 'विद्यागम' सुरू झालं. शिक्षक गल्लीत, देवळाच्या मंडपात, समाजमंदिरात जाऊन दहा-पंधरा पोरांना शिकवायचे. वहिनी म्हणाल्या, "स्कूटरच्या हुकाला अडकवता येईल असं काही तरी द्या." लाकडी पेटी त्या हुकाला अडकणार कशी? वडगावातल्या मागवाल्यांकडून जाड कापड घेतलं, तिथल्याच बायकांनी कप्पे घालून पिशव्या शिवल्या. एका कप्प्यात एक प्रयोग, रिकामा कप्पा लगेच दिसतो, म्हणून मोजणीही सोपी. विद्यागम थांबलं, पिशवी राहिली. कार्डाच्या एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड, त्यामुळे त्याच आवारातली कन्नड शाळाही तीच पिशवी मागून नेते. सीमेवर वर्षानुवर्षं काय काय पेटलं, पण या पिशवीवरून अजून तरी भांडण नाही.

आता सुटतं काय, ते. पिशवीत फार सुटत नाही. शाळेला मिळणारं अनुदान पटावर ठरतं, आणि आमच्याकडच्या बऱ्याच मराठी शाळांचा पट दरवर्षी उतरतोय. पट उतरला की पैसा उतरतो, आणि त्यातूनच वीज, खडू, डागडुजी भागवायची असते. म्हणून आमचं गिऱ्हाईक हेडमास्तर कमी आणि एसडीएमसीचे, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीचे, पालक, गावातले नोकरदार, मुंबई-पुण्यात असलेली पोरं जास्त. पितळी संच आम्ही बंद केलेला नाही. हायस्कूलवाले अजून घेतात, आणि खरं सांगायचं तर कामगारांचा पगार त्यातूनच निघतो. पिशवीचा फायदा एवढाच की ती पुन्हा मागवली जाते. पेटी घेतलेल्या प्राथमिक शाळेनं दुसरी पेटी कधी मागितली नाही. पिशवीवाल्या शाळा दर जूनमध्ये चिठ्ठी पाठवतात : तार संपली, सेल संपले, फुगे संपले, तीन चुंबक हरवले. चुंबक हरवले वाचलं की मला बरं वाटतं, कुणाच्या तरी खिशातून घरी गेले असणार.

जून सोडला तर आमचा दुसरा हंगाम फेब्रुवारी. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, रामन परिणामाच्या शोधाचा. तेव्हा प्रदर्शनासाठी फोन सुरू होतात, आणि दहातले सात जण ज्वालामुखी मागतात. थर्माकोलचा डोंगर, आत सोडा आणि व्हिनेगर, वर लाल रंग. आम्ही करत नाही. खऱ्या ज्वालामुखीशी त्याचा काही संबंध नाही, आणि बहुतेक वेळा तो बापानं रात्री जागून केलेला असतो. याबद्दल गिऱ्हाईकांशी माझे वाद होतात. बायको म्हणते, दोनशे रुपयांचं काम सोडून व्याख्यान कशाला देता.

सध्या खानापूरच्या कुंभारांबरोबर एक नवं काम चाललंय. दोन सारखी मडकी, एक साधं भाजलेलं, पाझरणारं, आणि एक आतून चकाकी दिलेलं. दोन्हीत सकाळी पाणी, दोन्हीत थर्मामीटर, दुपारी बघायचं. पाझरणाऱ्या मडक्यातलं पाणी बाष्प होताना उष्णता घेऊन जातं, म्हणून गार. वस्तू सोपी आहे, पण वाटेत फुटते. सरकारी बसच्या टपावरून लोंढ्यापर्यंत शाबूत पोचेल असं वेष्टण जमलं की पिशवीत येईल. भाताचं तूस भरून बघतोय.

ज्यांना जूनसाठी पिशव्या हव्यात त्यांनी मार्चअखेर कळवावं. एप्रिल-मेमध्ये आमची निम्मी पोरं काजू-आंब्याला गावी जातात आणि शेडमध्ये मी आणि लेथ दोघेच असतो.