आतल्या माणसाला त्याच्याच केसची बातमी कशी पोचवाल

तुरुंगात वर्तमानपत्र येतं, टीव्हीही असतो. अडतं ते स्वतःच्या केसपाशी. पुढची तारीख कधी, चार्जशीट गेली का, जामिनाच्या अर्जाचं काय झालं, हे कच्च्या कैद्याला बहुतेकदा घरच्यांकडूनच कळतं. पोलीस गारद मिळाली नाही की कोर्टात नेत नाहीत, मग तारीख पडते आणि आतल्याला फक्त आकडा समजतो.

म्हणून मुलाकातीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, जाण्याआधी ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर केसचा सीएनआर क्रमांक टाकून पाहा. तो सोळा अक्षरांचा-आकड्यांचा असतो. जामीन अर्ज आणि मूळ खटला यांचे क्रमांक वेगळे असतात. एकच पाहत बसलात तर दुसऱ्यातला आदेश दिसणार नाही.

मुलाकातीची नोंद ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या वेबसाइटच्या ई-मुलाकात पानावर होते. ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळलं नाही तर गेटवरूनच परत पाठवतात. कैद्याचं नावही कोर्टाने तुरुंगात पाठवताना दिलेल्या वॉरंटवर जसं आहे तसंच द्या, आधारवर वेगळं असलं तरी. त्या दिवशी त्याला कोर्टात किंवा दवाखान्यात नेणार आहेत का, हे आधी विचारून घ्या. काचेपलीकडून फोनवर बोलताना आवाज नीट येत नाही आणि वेळ भराभर संपतो, तेव्हा मुद्दे कागदावर लिहून न्या: पहिली तारीख, मग वकिलाचा निरोप, घरचं सगळं शेवटी. गुन्ह्याच्या तपशिलाबद्दल तिथे बोलू नका. पत्रातही लिहू नका, कारण पत्रं वाचूनच आत जातात.

एक हिशेब मात्र घरच्यांनीच ठेवावा. पहिल्या रिमांडपासून, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली तेव्हापासून, ६० दिवसांत, गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. (काही विशेष कायद्यांत मुदत वेगळी.) पण अर्ज चार्जशीटच्या आधी पडला पाहिजे; एका दिवसाच्या उशिरानेही हा हक्क जातो. वकील परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या नंबरवर फोन करा. कोठडीत असलेल्याला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असं नाही. जामीनदार, कागदपत्रांची पडताळणी, मग सुटकेचा आदेश तुरुंगात पोचणं, यात दिवस जातात. आदेशात नाव किंवा केस नंबर चुकला तर तो दुरुस्तीला परत येतो, म्हणून कोर्टातून निघण्याआधी अक्षर न् अक्षर तपासा. दुसऱ्या केसचं वॉरंट असेल तर सुटका होणारच नाही, तेही आधीच शोधा. जामीनदार लगेच मिळत नसेल तर तात्पुरत्या रोख जामिनाचा अर्ज करता येतो.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे की जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला मिळावी, आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. आठवा दिवस उजाडला की प्राधिकरणाच्या कार्यालयात जा आणि या निर्देशाचा हवाला देऊन लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.