पेनसिल्व्हेनियातले रविवार आणि शिकारीचा परवाना : माझा अनुभव

पेनसिल्व्हेनियात रविवारी शिकार करायची नाही, हा कायदा 1873 सालचा. रविवार देवाचा, म्हणून त्या दिवशी हे बंद आणि ते बंद, अशा थाटाचे पुष्कळ कायदे इथे जुन्या काळी झाले. बाकीचे बहुतेक एकेक करून गळून पडले. आता मॉल रविवारी उघडे असतात, दारू मिळते, फुटबॉलचे मोठे सामने तर रविवारीच असतात. शिकारबंदी मात्र चिकटून राहिली. त्यातही कोल्हा, कायोटी आणि कावळा यांना सूट होती. म्हणजे रविवारी कावळा मारलेला चालायचा, हरीण मारलेलं चालायचं नाही. यामागचं शास्त्र मला आजवर कोणी नीट सांगू शकलेलं नाही.

या सगळ्याशी माझा संबंध काय, तर हॅरिसबर्गजवळ माझं साइनबोर्ड आणि छपाईचं छोटं दुकान आहे. सोमवार ते शनिवार उघडं. डिसेंबरात इथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि शिकारीची वेळ ढोबळमानाने सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. दुकान बंद करून निघावं तर जंगलात पोचेपर्यंत काळोख. उरला रविवार, आणि नेमका तोच तेव्हा कायद्याने बंद होता.

शिकारीचा नाद तसा घरातलाच. संगमेश्वराकडे आजोबांची शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. मी ती कधी चालवली नाही, फक्त तिला तेल लावलेलं पाहिलंय. इथे आल्यावर एका गिऱ्हाइकाने सोबत नेलं आणि गोडी लागली. आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरलीच. "अरे, हरणासाठी तुरुंगात जातात ना!" तिच्या डोळ्यांपुढे काळवीट. आपल्याकडे काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, त्यामुळे तिचं चुकीचं नव्हतं. पण इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण म्हणजे शेतकऱ्याच्या सोयाबीनचा कर्दनकाळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे ते जवळपास संपलं होतं, म्हणून 1906 मध्ये मिशिगनहून वगैरे हरणं आणून सोडली. आता रस्त्यात गाडीखाली येतात इतकी झाली आहेत.

परवाना मिळवण्याचा भाग सोपा होता, तो पटकन सांगून टाकतो. पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला शिकारी-शिक्षणाचा वर्ग आणि परीक्षा सक्तीची. मी वर्गात बसून केलं, फुकट असतं. माझ्या आजूबाजूला बहुतेक दहा-बारा वर्षांची पोरं आणि त्यांचे बाप. बंदुकीची नळी कुठे रोखलेली असावी, कुंपण ओलांडताना काय करायचं, गोळी कधी झाडायची नाही, बहुतेक प्रश्न असेच. डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच भडक नारिंगी कापड अंगावर हवं, हे तिथेच पाठ झालं. राज्यातल्या प्रौढ रहिवाशाला साधा परवाना 20 डॉलर 97 सेंटला मिळतो.

व्हिसावर असलेल्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण इथल्या आमच्या मराठी मंडळात हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. पण कुठल्याही राज्याचा वैध शिकारी परवाना हा त्या मनाईतला एक अपवाद आहे. मी स्वतः तेव्हा त्या भानगडीत पडलो नाही, क्रॉसबो घेतला. बंदूक नंतर आली. तुम्हाला घ्यायची असेल तर आधी वकिलाला विचारा.

बिनशिंगी हरणाचा, म्हणजे मुख्यतः मादीचा, परवाना वेगळा. त्यासाठी पूर्वी गुलाबी पाकिटात अर्ज घालून काउंटीच्या खजिनदाराला टपालाने पाठवावा लागे. कुठल्या पोस्टातून टाकलं तर आधी पोचतं, यावर जुनी मंडळी तासन् तास वाद घालायची. ती पद्धत बदला म्हणून कित्येक वर्षं ओरड चालली होती. ती कशाने अडली? तर पाकीट खजिनदाराकडेच जायला हवं असं कायद्यात लिहिलेलं होतं, आणि कायदा गेम कमिशनच्या, म्हणजे शिकारीचं बघणाऱ्या राज्याच्या संस्थेच्या, हातात नाही, विधिमंडळाच्या हातात. शेवटी कायदा बदलला आणि 2023 च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा हे परवाने ऑनलाइन आणि दुकानांतून मिळाले. पहिल्या दिवशी सगळं राज्य एकदम तुटून पडलं. मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर रांगेची खिडकी उघडी ठेवून दिवसभर बॅनर छापत होतो.

हा गुंता समजला आणि रविवारचं कोडंही सुटलं. इथे शिकारीच्या नियमांचे दोन मालक आहेत. हंगाम कधी सुरू, कुठल्या पट्ट्यात किती हरणं, कुठलं हत्यार चालेल, हे गेम कमिशन ठरवतं. ही संस्था 1895 पासूनची. तिचं मंडळ जानेवारीच्या बैठकीत प्रस्तावाला प्राथमिक मंजुरी देतं, मध्ये लोकांच्या सूचना घेतं आणि एप्रिलमध्ये अंतिम मंजुरी देतं. दरवर्षी, पंचांगासारखं. पिढ्यान् पिढ्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या (तो नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी असतो) सोमवारी रायफलचा हंगाम उघडायचा, गावाकडच्या शाळा त्या दिवशी सुट्टी द्यायच्या. 2019 मध्ये कमिशनने तो शनिवारी आणला. लोकांनी आकाशपाताळ एक केलं, तरी निर्णय एकाच फेरीत झाला. (शाळा अजूनही सोमवारीच सुट्टी देतात ते वेगळं.)

पण रविवार, गुलाबी पाकीट आणि परवान्याची फी, हे तिन्ही कायद्यात होतं. फी तर 1999 पासून तीच आहे. आणि कमिशन बराचसा खर्च याच परवान्यांच्या पैशातून भागवतं, सर्वसाधारण करातून त्याला काही मिळत नाही. स्वतःच्या दुकानाचा दर स्वतः ठरवायचा नाही, असा धंदा मला एक वर्षसुद्धा जमला नसता.

मी एकदा हॅरिसबर्गच्या एल्मर्टन अव्हेन्यूवरच्या कमिशनच्या मुख्यालयात बैठकीला गेलो. सामान्य माणसाला तिथे काही मिनिटं बोलता येतं. माझ्या आधी एक गृहस्थ टर्कीच्या हंगामावर बोलून गेले, त्यांचं म्हणणं शांतपणे लिहून घेतलं. मी रविवारचं काढलं. "तुमचं बरोबर असेल, पण ते आमच्या हातात नाही," असं उत्तर मिळालं. मग आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. त्यांचं छापील उत्तर आलं, आपल्या मताबद्दल आभार वगैरे. कागद मात्र चांगल्या जाडीचा होता, धंद्यामुळे नजर तिकडे जातेच.

विधेयकाची चाल कशी असते हे मला तोवर माहीत नव्हतं. सत्र दोन वर्षांचं. त्या मुदतीत दोन्ही सभागृहांतून पार झालं नाही तर विधेयक मेलं. पुढच्या सत्रात नवा क्रमांक घेऊन पुन्हा पहिल्यापासून. नोव्हेंबर 2019 मध्ये गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी सही केली तेव्हा वाटलं, झालं. पण त्या कायद्याने दिले फक्त तीन रविवार : एक धनुष्यबाणाच्या हंगामात, एक रायफलच्या, एक कमिशनच्या मर्जीचा. तेही प्रत्यक्षात 2020 च्या हिवाळ्याच्या तोंडावर मिळाले. खाजगी जमिनीवर त्या रविवारी जायचं तर मालकाची लेखी परवानगी हवी, अशी अट होती. पुढे 2024 मध्ये सगळे रविवार मोकळे करणारं विधेयक खालच्या सभागृहात पास झालं आणि सिनेटमध्ये पडून राहून सत्राबरोबर संपलं.

अडवत कोण होतं, हे आधी मला दिसत नव्हतं. मी ज्यांच्या शेतात जातो ते पेरी काउंटीतले म्हातारे शेतकरी दिसले तेव्हा कळलं. हरणं त्यांचं सोयाबीन खातात, मी गेलो की त्यांना हवंच असतं. पण रविवारी? "आठवड्यातून एक दिवस मी चर्चमधून येऊन व्हरांड्यात बसतो. त्या दिवशी माझ्या बांधावर कोणाची पिकअप उभी नको." यावर काय बोलणार? शेतकऱ्यांची संघटना, पेनसिल्व्हेनिया फार्म ब्युरो, कित्येक दशकं याच कारणाने विरोधात होती. दुसरे विरोधक होते डोंगर चढणारे आणि घोडेवाले, ज्यांना पानगळीच्या दिवसांत बंदुकांची भीती न बाळगता रानात जायला तेवढाच वार.

तिसरा विरोधक माझ्या घरात. आमच्या मंडळाच्या काही बायका दर रविवारी बॉइलिंग स्प्रिंग्सजवळ ॲपलेशियन ट्रेलवर चालायला जातात, बायको त्यांची म्होरकी. "तुम्ही सहा दिवस मारा ना हरणं, सातवा आमचा." मी तिला दुकानाची वेळ सांगायचो, ती मला माणूस ठेवून दुकान चालव म्हणायची. या वादात कायदेमंडळ बरं असं वाटायचे दिवसही आले.

मग फार्म ब्युरोनेच भूमिका बदलली. हरणांनी होणारं नुकसान रविवारच्या शांततेपेक्षा जड झालं असावं, निदान माझ्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यावरून तरी असंच वाटलं. तो खांब हलला आणि पुढचं भराभर झालं. 9 जुलै 2025 रोजी गव्हर्नर जॉश शपिरो यांनी सही केली. रविवार कुठले, हे ठरवायचा अधिकार आता कमिशनकडे गेला. माझ्या मते दीडशे वर्षांतली खरी सुधारणा हीच आहे, रविवार मोकळा झाला त्याहून मोठी.

आता गंमत. परवान्याचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं, नियमांची पुस्तिका त्याआधीच छापून झालेली. त्यामुळे नव्या रविवारांची यादी छापील पुस्तिकेत नव्हतीच. कमिशनने नंतर तेरा रविवार जाहीर केले, 14 सप्टेंबर ते 7 डिसेंबर. राज्याच्या वनांत तेरा, राज्याच्या उद्यानांत त्यातले तीनच. बदकं आणि इतर स्थलांतरी पक्ष्यांना रविवार नाहीच. मी हे सगळं एका पानावर मांडून छापलं, ओळखीच्यांना दिलं आणि एक प्रत बायकोच्या चालणाऱ्या मंडळींना. त्यांनी माझ्याकडूनच नारिंगी जॅकेटं छापून घेतली, पैसे पूर्ण देऊन.

30 नोव्हेंबरच्या रविवारी मी म्हाताऱ्यांच्या शेताच्या कडेला होतो. मादी मिळाली. टॅग जागेवरच भरावा लागतो, हरीण हलवण्याआधी. थंडीने बॉलपेनची शाई उमटत नाही, म्हणून मी शिसपेन्सिल ठेवतो. तारीख, वेळ, ठिकाण लिहायचं आणि दोरीने कानाला बांधायचं. नंतर दहा दिवसांत ऑनलाइन नोंद. रानातलं मांस विकणं बेकायदा आहे, दान करता येतं. गरजूंना ते पोचवणारी 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' नावाची संस्था आहे, निम्मं तिकडे गेलं. निम्म्याचं कोल्हापुरी मसाला घालून सुकं झालं. म्हाताऱ्यांना डबा दिला, त्यांनी आधी नाक मुरडलं, मग दुसऱ्यांदा घेतलं.

मी पाठवलेला हरणाचा फोटो पाहून गावाहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, तुमचं तिथे बरं आहे. आमच्या भाताची नासधूस रानडुकरं करतायत आणि आम्ही कागद रंगवतोय." त्याचं दुखणं मला आता जास्त कळतं. महाराष्ट्रात 2015 पासून पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराची पारध करायची परवानगी वनक्षेत्रपालाच्या पातळीवर मिळू शकते. पण अर्ज, पाहणी, परवानगी, आणि मग मारणार कोण? शेती संरक्षणाची बंदूक निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. रानडुकराला ठरावीक भागात उपद्रवी प्राणी जाहीर करायचा अधिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 62 नुसार केंद्राचा, राज्याचा नाही. तसं जाहीर करा अशी मागणी केरळने वारंवार केली, मान्य झाली नाही. मग 2022 मध्ये त्यांनी ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांनाच मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार दिले, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये विधानसभेत स्वतःची दुरुस्ती पास केली. तिला राष्ट्रपतींची संमती लागते.

भाऊ विचारत होता, मंत्र्याला निवेदन देऊ का. मी म्हटलं, आधी तुला नक्की काय हवं ते ठरव. परवानगी लवकर हवी असेल तर वनक्षेत्रपालाकडे जा, अर्जाची पोच घे. बंदूक परत हवी असेल तर ते काम जिल्हाधिकारी कचेरीचं. उपद्रवी ठरवायचं असेल तर खासदार गाठ, आमदार नव्हे. नुसती भरपाई हवी असेल तर खरीप 2026 पासून पीक विम्यात वन्यप्राण्यांचं नुकसान धरणार आहेत, 72 तासांत मोबाइलवरून फोटोसकट कळवावं लागेल. त्याने शेवटचं लिहून घेतलं.

माझंही एक निवेदन कमिशनच्या जानेवारी 2026 च्या बैठकीसाठी गेलं, आणि या वेळी ते योग्य टेबलावर गेलंय. रायफलच्या हंगामातले रविवार तसेच ठेवा, पण ऑक्टोबरातला एखादा रविवार चालणाऱ्यांसाठी सोडा, असं लिहिलं आहे. मजकूर बायकोने तपासून दिला.