आमची वाटचाल : मीटर लावल्याशिवाय पार्ट बदलला नाही

ऑटो इलेक्ट्रिकच्या धंद्यात आमचं नाव झालं ते रेडिएटर फॅनच्या कामामुळे. सेल्फ, अल्टरनेटर, वायरिंग सगळंच करतो. पण 'ट्रॅफिकमध्ये गाडी गरम होते, फॅन कधी चालतो, कधी नाही' अशी तक्रार आली की दुसरे गॅरेजवालेसुद्धा गाडी आमच्याकडे धाडतात. एकदा हे नाव जवळजवळ गेलं होतं. ते कसं गेलं आणि कोणामुळे, हे लिहायचं फार दिवस मनात होतं.

सुरुवात आम्ही दोघांनी केली. माझे भागीदार वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. सगळे त्यांना वस्ताद म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. ते मूळचे आर्मेचर भरणारे, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरची तार नव्याने गुंडाळणारे. त्यांचा ग्राउलर, म्हणजे आर्मेचर तपासायचं चुंबकी यंत्र, आजही आमच्या टेबलावर आहे. त्यावर आर्मेचर ठेवायचं, वरून हॅकसॉचं जुनं ब्लेड हलकेच धरायचं आणि आर्मेचर सावकाश फिरवायचं. ज्या खाचेतलं वेटोळं आतून शॉर्ट असेल, तिथे ब्लेड थरथरतं. वस्ताद ब्लेडकडे बघायचेही नाहीत, हाताला लागतं म्हणायचे. आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर लेथवर साफ केला की पट्ट्यांमधला मायका ते ब्लेडच्या तुकड्याने एकेक करून खाली कोरायचे. तो वर राहिला तर कॉम्युटेटरला वीज देणारे कार्बन नीट टेकत नाहीत, ठिणग्या पडतात आणि नवे कार्बनसुद्धा लवकर संपतात. हे काम आता कोणी करत नाही. मोटरच बदलून टाकतात.

पूर्वी फॅन वॉटर पंपाच्या पुलीवर असायचा, इंजिन फिरलं की तोही फिरायचा. पुढे इंजिन आडवं बसायला लागलं, बेल्टवरचा फॅन रेडिएटरसमोर येईना आणि त्याच्या जागी इलेक्ट्रिक मोटर आली. यापुढे तापलेली गाडी आपल्याकडे येणार, हे वस्तादांनी तेव्हाच ओळखलं. आम्ही वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा क्लॅम्प मीटर घेतला, तोही डीसी करंट मोजणारा. त्या वेळी आमच्या ऐपतीच्या मानाने ती मोठी खरेदी होती.

पण वस्तादांचं खरं हत्यार होतं हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब. त्याला दोन लांब वायरी आणि टोकांना पिना. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. वायरीच्या वीस तारांतल्या एकोणीस तुटल्या आणि एकच उरली, तरी मीटर छातीठोकपणे १२.६ व्होल्ट दाखवतो. त्याच जागी बल्ब लावा. तो साडेचार अँपिअर मागतो आणि लगेच मिणमिणतो. फॅनचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून दोन पिनांवर बारा व्होल्ट बघितले आणि 'सप्लाय आहे, मोटर गेली' असा निकाल दिला, अशा किती चांगल्या मोटरी भंगारात गेल्या असतील! सप्लाय बघायचा तर लोडवर. कपलर जोडलेला, फॅन चालू, आणि मागून पिन घालून मोजायचं. बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या प्लसपर्यंत किती व्होल्ट खाल्ले, आणि मोटरच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत किती. प्लसच्या बाजूला अर्धा व्होल्ट आम्ही चालवून घेतो. अर्थच्या, म्हणजे मायनसच्या, बाजूला ०.२ च्या वर गेलं की शोध सुरू.

वस्तादांचा दुसरा हट्ट कागदाचा. जॉब कार्डावर काय बदललं हे सगळेच लिहितात. आमच्याकडे रीडिंग लिहायचं. मोटरने किती करंट घेतला, दोन्ही बाजूंचा ड्रॉप (वाटेत खाल्लेले व्होल्ट) किती, कोणत्या तापमानाला फॅन लागला, कितीला बंद झाला. मुलं कंटाळायची. वस्ताद म्हणायचे, "लिहिलं नाही तर मोजलंच नाही." याच कागदांनी पुढे आम्हाला वाचवलं.

मधली वर्षं चांगली गेली. शेड वाढवली, मुलं शिकली, गाडीचे फॉल्ट कोड वाचणारा स्कॅनर आला. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

वस्ताद निवृत्त झाले आणि त्यानंतर लगेच ते प्रकरण घडलं. टॅक्सींचा एक मोठा ताफा आमच्याकडे होता, निम्म्याहून अधिक काम त्यांचंच. त्यातल्या एका गाडीच्या फॅनचे कार्बन संपले म्हणून आम्ही मोटर बदलली. काम झाल्यावर कार्डावर लिहिलं : प्लसचा ड्रॉप ०.३, अर्थचा ०.१, करंट नेहमीइतका. पुढे त्या गाडीची बॅटरी दुसरीकडे बदलली गेली. बसवणाऱ्याने बॅटरीचा ट्रे काढला आणि परत लावताना ट्रेखालचं अर्थचं थिंबल (वायरीच्या टोकाची, बॉडीला आवळायची कडी) रंगाच्या थरावरच आवळलं. थोड्याच दिवसांत फॅन मंद झाला.

गाडी आमच्याकडे यायला हवी होती. ती गेली एका नव्या गॅरेजात. मालकाचं नाव लिहीत नाही, आमच्याच धंद्यातला आहे. त्याची पद्धत एकच, फॅन डायरेक्ट करायचा. रिले (फॅनचा जड करंट चालू-बंद करणारा स्विच), सेन्सर, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) काही बघायचं नाही. इग्निशनमधून वायर ओढायची, डॅशबोर्डखाली स्विच बसवायचा, गाडी बाहेर. ग्राहक खूश, कारण फॅन फिरताना दिसतो. पण या गाडीत दोष अर्थमध्ये होता. प्लसची वायर कितीही नवी ओढली तरी करंट परत जायचा तो त्याच रंगावरच्या थिंबलमधून. फॅन मंदच राहिला. त्यात एका भर दुपारी ट्रॅफिकमध्ये ड्रायव्हर स्विच टाकायला विसरला. हेडगॅस्केट गेलं, हेड वाकलं.

आणि दोष कोणावर? आमच्यावर. 'त्यांनी हलकी मोटर घातली' असं त्या माणसाने ताफ्याच्या मालकांना सांगितलं. मालकांनी आम्हाला विचारलंसुद्धा नाही. काम काढून घेतलं, थकलेली बिलं अडकवली, ड्रायव्हरांना आमच्याकडे यायची बंदी केली. आमच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा त्या गॅरेजात गेला. स्पेअरवाल्याने उधारी बंद केली. शेड अर्धी सोडून द्यावी लागली. बोर्ड उतरवायचा का, यावर घरात रोज बोलणं व्हायचं. आम्ही मोजून, लिहून केलेल्या कामावर एका माणसाने न मोजता बोट ठेवलं आणि लोकांनी ते मानलं. हे मला आजही लागतं.

त्या काळात एक गिऱ्हाईक आमच्याकडे येतच राहिलं. स्वतःची टॅक्सी स्वतः चालवणारे एक काका. ते पहिल्या वर्षापासून वस्तादांकडे यायचे. बोनेट उघडलं की बाजूला जाऊन बसणारे ते नव्हेत. टॉर्च धरायचे, पिन धरायचे, रीडिंग स्वतः वाचायचे. "अंदाज नको, मीटर लावा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ड्रायव्हर लोकांत त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि त्यांनी आमच्यासाठी बोलणं कधी थांबवलं नाही.

एकदा ते ताफ्याची एक गाडी घेऊन आले, सोबत तिचा ड्रायव्हर आणि आणखी दोघे-तिघे. बंदी असतानाही आले. तक्रार विचित्र होती. फॅन जोरात चालतो, तरी गाडी उभ्याने गरम होते आणि मोकळ्या रस्त्यावर पळवली की काटा खाली येतो. गाडी पळताना वारा आपोआप मिळतो, फॅनची गरज उभं राहिल्यावरच असते. म्हणजे रेडिएटर चोंदलेला नाही, पंप ठीक, हवेचंच काहीतरी. मी वहीचा एक कागद फाडला आणि समोरच्या जाळीपाशी धरला. रेडिएटरच्या मागचा फॅन समोरून हवा ओढतो, कागद जाळीला चिकटायला हवा. तो उडून माझ्या हातावर आला. फॅन उलटा फिरत होता! डायरेक्ट करताना दोन वायरींची अदलाबदल झाली होती. अशा डीसी मोटरचं प्लस-मायनस बदललं की ती निमूटपणे उलटी फिरते. ना फ्यूज उडतो, ना दिवा लागतो. रेडिएटरमागची गरम हवा तो फॅन पुढे ढकलत होता. ड्रायव्हरने स्वतःच्या हाताने कागद धरून पाहिला. मग काकांनी त्याला विचारलं, "हे काम कोणी केलं?" उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर ड्रायव्हरांनीच ती जुनी गाडी आणवली. नवं हेड बसवूनही तिचा फॅन मंदच होता आणि मोटरही आमच्यानंतर आणखी एकदा बदलून झाली होती. सगळ्यांसमोर मीटर लावला. इंजिन चालू, बॅटरीवर १४.१. प्लसच्या बाजूला ०.३ गेले. मोटरला प्रत्यक्षात मिळत होते ९.२. उरलेले ४.६ व्होल्ट अर्थच्या बाजूला! करंट नऊ अँपिअर, म्हणजे त्या एका थिंबलवर चाळीस वॉटच्या वर उष्णता. ट्रे उचलला तर थिंबल काळंनिळं पडलेलं, भोवतीचा रंग करपलेला. जागा घासून चकचकीत केली, नवं थिंबल क्रिंप करून बसवलं, नट आवळला, वरून ग्रीस. ड्रॉप ०.१. फॅनचा आवाजच बदलला. मग मी फाइलमधून आमचं जुनं कार्ड काढून शेजारी ठेवलं. त्यावरही अर्थ ०.१.

ताफ्याचं काम परत आलं, पूर्ण नाही. अडकलेल्या बिलांतलं काही मिळालं, काही मिळालं नाही. 'चुकलं' असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. ते गॅरेज चालू आहे आणि तिथे अजून फॅन डायरेक्ट होतात.

गाडीवाल्यांनी कोणी विचारलेलं नसलं तरी काही गोष्टी सांगतो. गाडी गरम होते म्हणून आली की एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लागला की फॅन लागतो. एसीवर फॅन चालतो आणि गरम झाल्यावर चालत नाही, तर मोटर, फ्यूज, अर्थ यांना दोष देऊ नका, तापमानाच्या सेन्सरकडे बघा. तो सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. गार असताना दोनेक हजार ओहम, इंजिन पूर्ण तापल्यावर दोन-तीनशेच्या आसपास. अनेक गाड्यांत त्याचा कपलर काढला की ईसीएम घाबरून फॅन लावून ठेवतो. कपलर काढल्यावर फॅन लागला तर ईसीएमपासून मोटरपर्यंतची वाट मोकळी आहे.

रिले बदलण्याआधी त्याचा सॉकेट तपासा. ३० नंबरवर बॅटरीचा सप्लाय, ८७ वरून मोटरकडे, ८५ आणि ८६ कॉइलचे. इग्निशन बंद करून ३० आणि ८७ फ्यूज असलेल्या जाड वायरने जोडा. फॅन पूर्ण जोरात चालला तर दोष रिलेत किंवा त्याला हुकूम देणाऱ्या बाजूला. चालला नाही किंवा मंद चालला, तर जड करंटच्या वाटेत. सॉकेटची पिन सैल किंवा करपलेली असेल तर नवा रिलेसुद्धा करपणार. २० अँपिअरच्या वाटेत ०.१ ओहम आला तरी २ व्होल्ट जातात आणि तिथेच ४० वॉट उष्णता होते. कपलर वितळतो तो असा, आणि फ्यूजला त्याची खबरही नसते.

दोन स्पीडच्या फॅनमध्ये कमी स्पीड गेला आणि जोराचा चालू असेल, तर आधी कमी स्पीडसाठी करंट रोखणारा रेझिस्टर बघा. तो जळाला की फॅन उशिरा लागतो आणि लागला की एकदम घरघरतो. दोन फॅनच्या काही गाड्यांत कमी स्पीडला दोन्ही मोटरी सीरिजमध्ये असतात. तिथे एक मोटर गेली की कमी स्पीडला दोन्ही बंद, आणि जोराच्या स्पीडला एकच चालते.

स्कॅनरवाल्या मुलांना माझं सांगणं आहे की पी ०४८० हा फॉल्ट कोड आला म्हणून मोटर मागवू नका. रिलेच्या गाड्यांत तो कोड फॅनच्या कंट्रोल सर्किटचा, ईसीएमला दिसते ती रिलेची कॉइल. मोटर जळून कोळसा झाली तरी कोड येईलच असं नाही. आणि हात घालण्याआधी फॅनचा कपलर काढा, कारण चावी काढल्यावरही कित्येक गाड्यांचा फॅन अचानक लागतो.

आता नव्या गाड्यांत रिलेऐवजी कंट्रोल मॉड्यूल येतं, फॅनचा वेग पल्सवर कमी-जास्त होतो. त्यासाठी आम्ही त्या पल्स पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप घेतला आहे आणि माझी मुलगी तो चालवते. मॉड्यूल निकामी म्हणून आलेल्या गाडीचाही ती आधी अर्थ मोजते, मगच स्कोप लावते. काकांची टॅक्सी आता त्यांचा मुलगा चालवतो, तोही रीडिंग स्वतः वाचतो. डायरेक्ट केलेला फॅन पुन्हा मूळ वायरिंगवर आणायचं काम आमच्याकडे नेहमी होतं. त्यासाठी गाडी आणाल तेव्हा काढलेला रिले आणि कापलेला कपलर सोबत आणा, कपलर हाताशी असला की पिनांची जागा शोधण्यात वेळ जात नाही.